अ‍ॅल्युमिनियमचा डबा उघडण्याआधी: आरसी गाडीचे टिकाऊ भाग कसे निवडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. आरसी म्हणजे रिमोटवर चालणारा १/१० मापाचा फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक, मूळची ब्रश्ड मोटर काढून जास्त ताकदीची ब्रशलेस बसवली, दोन सेलच्या लायपो बॅटरीवरून तीन सेलवर गेलात. त्यानंतर पुढचा डावा आर्म (चाकाकडे जाणारा सस्पेंशनचा हात) तीनदा तुटला आणि एकदा मागच्या डिफचे (डिफरन्शियल, दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) दात सोलले. आता अ‍ॅल्युमिनियमचा पूर्ण संच मागवलाय. आर्म, टॉवर (शॉकची वरची टोकं धरणारी पट्टी), नकल (चाकाचा अ‍ॅक्सल धरणारा भाग), सी-हब (नकल आर्मला जोडणारा भाग), गिअरबॉक्सची खोकी, हेक्स (चाक अ‍ॅक्सलवर बसवणारा षटकोनी तुकडा), शॉकच्या टोप्या असं सगळं आलंय, डबा अजून उघडलेला नाही. विचारताय की हे सगळं एकदम बसवू का, आणि टिकाऊ भाग ओळखायचा कसा.

डबा उघडला नाहीत हे बरं झालं. त्यातलं निम्मं सामान तुमच्या गाडीला उपयोगाचं आहे आणि निम्मं तिला आणखी लवकर मोडेल. कोणतं कुठे, ते सांगतो. पण आधी तो आर्म का तुटला ते बघू, कारण उत्तर तिथेच आहे.

दोन सेल म्हणजे ७.४ व्होल्ट, तीन सेल म्हणजे ११.१. व्होल्टेज दीडपट झालं की त्याच मोटरचे फेरे दीडपट होतात आणि गिअरिंग तेच ठेवलंत तर वेगही साधारण तेवढाच चढतो. आदळताना गाडीत असलेली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट. गाडी तीच, प्लास्टिक तेच आणि मार सव्वादोनपट. त्यात ब्रश्डवरून ब्रशलेसची भर. आर्म बिचारा काय करणार?

आता हा हिशोब बघा. गाडीचं वजन ३ किलो, वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ऊर्जा झाली १५० जूल. हीच गाडी फुटपाथच्या कडेवर आपटून १ सेंटीमीटरमध्ये थांबली तर सरासरी बल १५,००० न्यूटन, म्हणजे दीड टनाच्या वजनाएवढं. तीच ५ सेंटीमीटर अंतर घेऊन थांबली तर ३,००० न्यूटन. मधल्या चार सेंटीमीटरमध्ये टायर दबतो, आर्म वाकतो, बंपर मागे जातो, चाक जरा तिरकं होतं. हे वाकणं, दबणं हीच गाडीची ढाल. ताठ धातू लावला की हे अंतर कमी होतं आणि बल वाढतं. त्या वाढलेल्या बलाला कुठेतरी जायचंच असतं. आर्म सोसेल, पण आर्म ज्याला धरून आहे ती हिंज पिन, पिन ज्यात बसते तो होल्डर, होल्डर ज्याला स्क्रूने जोडलाय ती गिअरबॉक्सची खोकी, या ओळीतलं जे सगळ्यात कच्चं असेल ते जाईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मीही एका ट्रकला पुढून-मागून सगळं अ‍ॅल्युमिनियम चढवलं होतं. दिसायला दागिना. तिसऱ्या बॅटरीला कठड्यावर आपटली. आर्मला ओरखडासुद्धा नाही आणि मी खूश. उचलून बघतो तर पुढची गिअरबॉक्स उभी चिरलेली, डिफ बाहेर डोकावतोय. प्लास्टिकचा आर्म तुटला असता तर दोन-चार स्क्रू आणि दहा मिनिटांचं काम होतं. खोकी बदलायला अर्धी गाडी खोलावी लागली, दोन संध्याकाळी गेल्या, वर डिफ पुन्हा शिम करावा (पातळ चकत्या घालून नीट बसवावा) लागला.

म्हणून भाग निवडताना मी ‘हा किती मजबूत आहे’ असं विचारत नाही. ‘हा टिकला तर मग काय तुटेल, आणि ते बदलायला किती वेळ जाईल’ असं विचारतो. गाडीत तुटायची एक जागा ठेवावी लागते. ती स्वस्त असावी, बाहेरच्या बाजूला असावी, मैदानात बसून बदलता यावी. बहुतेक गाड्यांत ही जागा म्हणजे आर्म.

मग आर्म तुटतच राहू द्यायचा का? नाही. चांगला नायलॉनचा घ्यायचा. गाडीसोबत येणारे आर्म बऱ्याचदा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. काचेमुळे ते ताठ होतात, हँडलिंग नेमकं येतं, रेसला ते हवंच असतं. पण ताठ झाल्यामुळे ते वाकण्याऐवजी तडकतात. आरपीएमसारख्या कंपन्या मुद्दाम लवचिक नायलॉनचे आर्म बनवतात. हातात घेऊन पिळलात तर पिळला जातो, सोडला की परत सरळ. पहिल्यांदा हातात घेतल्यावर ‘हे तर रबरासारखं आहे, हे कसलं अपग्रेड’ असं वाटतं. मलाही वाटलं होतं. तुमच्या वापराला, म्हणजे उड्या, खड्डे, धडकाधडकी यांना, हाच आर्म योग्य. तुम्ही सपाट ट्रॅकवर सेकंदाच्या दहाव्या भागासाठी भांडत असतात तर उत्तर वेगळं दिलं असतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मचा आणखी एक दोष कॅटलॉगमध्ये कधी दिसत नाही. नायलॉन स्वतःच बेअरिंगसारखं काम करतं, पोलादी पिन त्यात वर्षभर फिरली तरी भोक फारसं मोठं होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात बुश नसेल तर पिन, धूळ आणि तेल यांची पॉलिश पेस्ट तयार होते आणि भोक अंडाकृती होत जातं. काही महिन्यांत चाक हाताने हललं की कटकट वाजायला लागतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम वाकतं तेव्हा वाकलेलंच राहतं. पिन आत आवळली जाते, सस्पेंशन अडकतं आणि गाडी एका बाजूला का ओढते हे शोधण्यात रविवार जातो.

वजनाचंही पाहा. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची २.७. त्याच आकाराचा भाग जवळजवळ अडीचपट जड. हे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाच्या बाजूला वाढतं, आणि तिथलं वजन सस्पेंशनला सगळ्यात जास्त त्रास देतं.

नायलॉनबद्दल एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. नायलॉन पाणी पितं. साच्यातून नुकतंच निघालेलं, कोरडं नायलॉन ठिसूळ असतं. हवेतला ओलावा शोषून मग त्याला चिवटपणा येतो. पीए ६६ हे नेहमीचं नायलॉन मध्यम दमटपणाच्या हवेत वजनाच्या साधारण अडीच टक्के पाणी धरून बसतं. पाकिटात बंद राहून आलेला, किंवा फार कोरड्या हवेत पडलेला आर्म पहिल्याच धडकेत तडकतो तो यामुळे. बसवण्याआधी नवे आर्म गरम पाण्यात तासभर ठेवा, मग त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या. सपाट ठेवा, एकावर एक रचून दाबू नका, नाहीतर वाकतील. बेअरिंग, पिन, सगळं आधी काढून घ्या. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक आणखी ठिसूळ होतं, तेव्हा त्या दिवसांत पहिली पाच मिनिटं उड्या मारू नका.

तुमचा डावाच आर्म तीनदा तुटला हे मला खटकतंय. उजवा का नाही? डाव्या बाजूची हिंज पिन काढून काचेवर लोळवून पाहा. जरा जरी लंगडत लोळली तर ती वाकलेली आहे. वाकलेल्या पिनेवर नवा आर्म बसवला की तो बसतानाच ताणाखाली असतो, मग पहिल्या धडकेला तुटतो आणि आपण आर्मला शिव्या घालतो. पिन हातोडीने सरळ करून परत घालू नका, नवी कडक पोलादाची घाला. आणि पिन धरणारा पुढचा होल्डर प्लास्टिकचा असेल तर तो मात्र अ‍ॅल्युमिनियमचा करा. आर्म लवचिक आणि होल्डर ताठ ही जोडी जमते. पिनेची दोन्ही टोकं घट्ट राहतात, त्यामुळे पिन वाकत नाही आणि वाकायचं काम आर्मकडे जातं.

आता धातूकडे येऊ. ‘अ‍ॅल्युमिनियम’ एवढंच लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही. या छंदात दोन प्रकार नेहमी भेटतात, ६०६१-टी६ आणि ७०७५-टी६. पहिला साधारण २७५ मेगापास्कल ताणाला कायमचा वाकायला लागतो, दुसरा ५०० च्या आसपास. दोघांचा ताठपणा जवळपास सारखाच, त्यामुळे हाताने दाबून फरक कळणार नाही. कळतो तो पडल्यावर. विक्रेत्याने ७०७५ लिहिलं नसेल तर ते ७०७५ नाही असं धरून चाला. ओतलेला भाग ओळखणं त्यापेक्षा सोपं आहे. साच्याची बारीक शिवण कडेला दिसते, आतल्या कोपऱ्यात पृष्ठभाग खडबडीत असतो. कापून काढलेल्या भागावर कटरच्या समांतर खुणा असतात. ओतलेला स्वस्त भाग वाकतसुद्धा नाही, मोडतो. लाल-निळा रंग बघून भुलू नका. तो अ‍ॅनोडायझिंगचा काही मायक्रॉनचा थर असतो, गंज आणि ओरखडे थोडे अडवतो, वाकण्याशी त्याचा संबंध नाही.

धातू शोभतो कुठे? जिथे धडक नाही, पण झीज आहे, उष्णता आहे, किंवा दोन गोष्टींमधलं अंतर हलता कामा नये. मोटर माउंट हे उत्तम उदाहरण. प्लास्टिकचा माउंट तापला की मऊ पडतो, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) स्पर गिअरपासून (ती फिरवते तो मोठा गिअर) केसभर दूर सरकते आणि दात सोलले जातात. अ‍ॅल्युमिनियमचा माउंट मेश (दातांची जुळणी) जागच्या जागी धरतो आणि मोटरची उष्णताही चॅसिसकडे नेतो. चाकाचे हेक्स दुसरं. १२ मिलिमीटरचे प्लास्टिकचे हेक्स ब्रशलेसच्या टॉर्कने आतून गोल होतात. शॉकच्या टोप्या तिसऱ्या. प्लास्टिकची टोपी उंच उडीनंतर आट्यांसकट उडते आणि तेल सगळीकडे. इथे अ‍ॅल्युमिनियम घ्या, विचार करू नका. शॉकचं तेल सिलिकॉनचं असतं हे मात्र लक्षात ठेवा. ओ-रिंगही सिलिकॉन रबरच्या निघाल्या तर त्या तेलात फुगतात आणि शाफ्ट अडकायला लागतो.

टॉवरबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं की उलटी पडणाऱ्या गाडीला प्लास्टिकचा जाड टॉवर बरा. अ‍ॅल्युमिनियमचा टॉवर वाकला की दोन्ही शॉकचे कोन बदलतात. कार्बन फायबर सुंदर, हलका, ताठ, रेससाठी बनलाय. दगडावर आपटला की कडेपासून थर सुटतात. घ्यायचाच असेल तर कडांना पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद लावून घ्या, आणि घासताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

डिफचे दात सोलले, त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथे बहुतेक लोक चुकीची वस्तू विकत घेतात. दात सोलले की लगेच जास्त कडक पोलादाचा गिअर मागवतात. तोही महिन्याभरात सोलतो. दोष गिअरमध्ये नसून मोकळ्या जागेत असतो. रिंग गिअर आणि त्याची पिनियन हे तिरके दात असलेले गिअर आहेत. जोर आला की ते एकमेकांना दूर ढकलतात. डिफ खोकीत आडवा हलत असेल तर दात फक्त टोकांवर भिडतात, टोकं तुटतात, आणि मग थ्रॉटल दिला की ‘कट्-कट्-कट्’ ऐकू येतं. उपाय म्हणजे शिम, ०.१ किंवा ०.२ मिलिमीटर जाडीच्या पातळ चकत्या. डिफच्या बेअरिंगमागे, रिंग गिअरच्या बाजूला शिम घालून रिंग गिअर पिनियनकडे ढकलायचा. किती? खोकी बंद करून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा. फिरताना कुठेही अडकू नये, पण बोटात धरून मागेपुढे केलं तर जेमतेम जाणवेल इतकाच ढिलेपणा असावा. एक शिम जास्त झाला तर ठरावीक ठिकाणी घट्ट लागेल, तो काढा. हे काम कंटाळवाणं आहे, तीन-चारदा उघडबंद करावं लागतं. पण या काही ग्रॅमच्या चकत्यांनी माझे जितके गिअर वाचवलेत तितके कोणत्याही महागड्या धातूने नाही.

शिम करूनही सोलत असेल तर डिफची वाटी पाहा. प्लास्टिकची वाटी जोराखाली फुगते आणि रिंग गिअर तिरका होतो. इथे अ‍ॅल्युमिनियमची वाटी घेतलीत तर पैसे सार्थकी लागतील. धडक तिथपर्यंत पोचत नाही आणि काम मापाचं आहे, म्हणजे वर सांगितलेल्या कसोटीला ती उतरते. बाहेरच्या खोक्या मात्र प्लास्टिकच्याच राहू द्या. आत डिफ तेलाचा असेल तर या मापाच्या गाडीला ५,००० ते १०,००० सीएसटीच्या (तेलाच्या घट्टपणाचं माप) दरम्यानचं सिलिकॉन तेल साधारण चालतं. पुढे जरा जाड, मागे पातळ. डिफ अगदी पातळ तेलाचा असला की हवेत उचललेलं एक चाक वेड्यासारखं फिरतं आणि जमिनीला टेकताच सगळा झटका आतल्या गिअरना बसतो.

झटक्यावरून आठवलं. तुम्ही उडीत थ्रॉटल दाबून धरता का? हवेत चाकं पूर्ण वेगाने फिरतात, जमिनीवर येताच क्षणात जमिनीच्या वेगावर येतात, आणि मोटरच्या रोटरपासून चाकापर्यंतचं सगळं फिरतं वजन त्या क्षणी दातांवर आदळतं. टेकण्याआधी बोट सैल करा. या सवयीला पैसे लागत नाहीत. गाडीत स्लिपर क्लच असेल तर तो हाच झटका खाण्यासाठी आहे. लोक तो पूर्ण आवळून टाकतात, ‘गाडी घसरते’ म्हणून. पूर्ण आवळलेला स्लिपर म्हणजे नुसता नट. चांगल्या पकडीच्या जमिनीवर उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पहिले दीड-दोन फूट स्लिपरचा ‘झीं’ असा आवाज यावा आणि मग गाडीने पकड घ्यावी, इतका सैल ठेवा. त्याहून जास्त घसरला तर तापून त्याचे पॅड जळतील.

पिनियन आणि स्पर. मोटरची पिनियन नेहमी कडक पोलादाची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची पिनियन काळी पावडर सोडत झिजते आणि जाता जाता स्परचे दातही खाते. स्पर प्लास्टिकचा की पोलादाचा? स्लिपर नीट लावलेला असेल आणि मेश बरोबर असेल तर प्लास्टिकचा पुरतो, आवाज कमी, आणि खडा अडकला तर तोच जातो, मोटर वाचते. तीन सेलवर उड्या मारणाऱ्या जड गाडीला मात्र मी पोलादी स्पर लावतो, कारण प्लास्टिकचे स्पर मी पाकिटाने फोडलेत. मेश करताना दोन्ही गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी अडकवून मोटर दाबा, स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांचे ठसे हवेत, ती फाटता कामा नये. दातांचं माप तपासून घ्या. ३२ पिच म्हणजे जवळपास ०.८ मॉड्यूल, ही दोन एकमेकांत खपून जातात. ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल मात्र नाही, दिसायला सारखे दिसले तरी.

आणि पिनियन बदलताच आहात तर तीन सेलवर दोन-तीन दात कमीची घ्या. तुमच्या सगळ्या मोडतोडीवर हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. कमाल वेग उतरेल, पण मोटर आणि इएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थंड राहतील. पाच-सहा मिनिटं चालवून मोटरच्या डब्याचं तापमान मोजा. ८० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर अजून लहान पिनियन हवी. फार तापली की रोटरच्या चुंबकाची ताकद कायमची उतरते, ती गार झाल्यावर परत येत नाही. मोठे टायर लावले असतील तर तेही गिअरिंग वाढवण्यासारखंच आहे, हे विसरू नका. तीन सेलवर साधे टायर वेगात फुगून पातळ चकतीसारखे होतात आणि गोंद सोडतात. आत पट्टा असलेले बेल्टेड टायर फुगत नाहीत. जड असतात, पण या वेगाला तेच बरे.

ड्राइव्हशाफ्ट. प्लास्टिकचे असतील तर पोलादी सीव्हीडी (टोकाला वळणारा जोड असलेले शाफ्ट) लावा, यात दुमत नाही. इथे धडक नाही, पीळ आहे, आणि पिळाला पोलादच लागतं. घेतल्यावर जोडातली आडवी पिन ज्या बारीक ग्रब स्क्रूने धरलेली असते त्याला थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लावा. तो सुटला की पिन अर्धी बाहेर येते आणि नकलला आतून कोरते. डॉगबोनच्या (दोन्ही टोकांना पिन असलेला साधा शाफ्ट) पिना झिजून चपट्या झाल्या की पिना लगेच बदला, नाहीतर त्या कपच्या खाचा खातील आणि कप महाग पडतो.

सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर. तुम्ही विचारलं नव्हतं, पण तीन सेलवर गेलेल्या गाडीत पुढचा बळी तोच असतो. १/१० ट्रकला १५ ते २५ किलोग्रॅम-सेंटीमीटर टॉर्कचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो पुरे. आकडा कोणत्या व्होल्टेजला दिलाय ते वाचा. ८.४ व्होल्टला २५ लिहिलेला सर्व्हो ६ व्होल्टवर तेवढा देत नाही. आणि मोठा सर्व्हो जोर लावताना ३ अँपिअरच्या वर ओढू शकतो. इएससीमधला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारा भाग) त्याहून लहान असेल तर रिसीव्हरचं व्होल्टेज खाली जातं आणि भर वेगात गाडी क्षणभर कुणाचंच ऐकत नाही. लोक रिमोटला दोष देतात.

मग सर्व्हो सेव्हर, म्हणजे चाकाचा झटका खाणारी स्प्रिंगची जोडणी. इथे आधी बघा की तो गाडीत कुठे आहे. स्टिअरिंगच्या बेलक्रँकमध्ये (सर्व्हो आणि चाकांच्या मधला फिरता दांडा) स्प्रिंग असलेला सेव्हर असेल तर सर्व्होवर बिनधास्त अ‍ॅल्युमिनियमचा हॉर्न (सर्व्होच्या टोकावरचा दांडा) लावा, फायदाच आहे. सेव्हर सर्व्होच्या हॉर्नमध्येच असेल आणि तुम्ही तो काढून ताठ अ‍ॅल्युमिनियमचा हॉर्न लावलात, तर चाकाला बसलेली प्रत्येक टक्कर थेट सर्व्होच्या गिअरवर जाईल. अशा वेळी जास्त कडक स्प्रिंगचा सेव्हर घ्या. हॉर्नचे दात २५, २४ किंवा २३ असतात, सर्व्होच्या पत्रकात पाहूनच मागवा. दाबून बसवलेला चुकीचा हॉर्न बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या वळणाला घसरतो.

बेअरिंग थोडक्यात. प्लास्टिकचे किंवा पितळी बुश असतील तर सगळ्यात आधी ते काढा. धूळ-चिखलात चालवणार असाल तर रबर सील असलेली घ्या, सिरॅमिकच्या नादी लागू नका. पाण्यातून गाडी काढली की बेअरिंग वाळवून तेलाचा थेंब द्या. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या गाडीतही बेअरिंग गंजतात, तो शब्द फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी असतो. बोटात फिरवल्यावर खरखर लागली की टाकून द्या. एक अडकलेलं बेअरिंग नकलची जागा वितळवून मोठी करतं.

स्क्रूंकडे कुणी अपग्रेड म्हणून बघत नाही, पण मी बघतो. फुलीच्या खाचेचे मूळ स्क्रू काढून ॲलनचे लावा. चांगला २ मिलिमीटरचा ड्रायव्हर घ्या, तीन मिलिमीटरच्या बटन हेडना आणि काउंटरसंकना तोच लागतो. स्टेनलेस दिसतो छान, पण मऊ असतो, खाच गोल होते. जोर येणाऱ्या जागी १०.९ किंवा १२.९ चं काळं पोलाद वापरा. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जाईल तिथे, निळा, मध्यम ताकदीचा. लाल लावलात तर खूप तापवल्याशिवाय सुटणार नाही आणि तोवर खाच गेलेली असेल. प्लास्टिकला थ्रेडलॉक लावू नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. प्लास्टिकच्या भोकात स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत ‘टिक्’ करून खाली बसेल, मग सुलटा आवळा. असं केलंत तर तेच भोक अनेकदा वापरता येतं, नाहीतर दर वेळी नव्या आट्या कापल्या जातात आणि भोक संपतं.

आता तुमचा डबा. हेक्स आणि शॉकच्या टोप्या काढून घ्या, त्या आजच बसवा. नकल वापरायला हरकत नाही. त्यात बेअरिंग घट्ट बसतं आणि प्लास्टिकच्या नकलची बेअरिंगची जागा झिजून लांबट होण्याचा त्रास जातो. फक्त आर्म नायलॉनचा असेल तरच. सी-हब मी प्लास्टिकचाच ठेवतो. आर्म, टॉवर आणि गिअरबॉक्सच्या खोक्या परत करता आल्या तर परत करा. त्या बदल्यात लवचिक नायलॉनच्या आर्मच्या दोन जोड्या घ्या, एक गाडीवर, एक पेटीत. सोबत पुढच्या-मागच्या हिंज पिनांचा संच, अ‍ॅल्युमिनियमचा पिन होल्डर, शिमचं पाकीट आणि दोन दात कमीची पोलादी पिनियन. संचात नाही ते एवढंच आणा.

हेक्स बसवताना आडवी पिन अ‍ॅक्सलच्या मधोमध आहे ना बघा आणि ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावा. हेक्सची जाडी मूळच्या प्लास्टिकच्या हेक्सएवढीच ठेवा. जाड हेक्सने गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते, पण चाक बेअरिंगपासून दूर जातं आणि अ‍ॅक्सल वाकतो. पहिली बॅटरी निम्मी झाली की थांबा आणि चारही चाकांचे नट पुन्हा आवळा. नवा हेक्स रिमच्या प्लास्टिकमध्ये रुतून बसतो आणि नट एकदा तरी ढिला होतोच.